मदत हवी आहे: एल्कपासून बाग कशी वाचवू?
नमस्कार मंडळी, मी कोलोरॅडोत एस्टेस पार्कला राहते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. सध्या रोज रात्री चार-पाच माद्या अंगणात शिरतात. ट्युलिप कळीतच फस्त, वाटाण्याचे वेल मुळासकट उपटलेले, अ‍ॅस्पेनची सालसुद्धा सोललेली. डॅफोडिलला मात्र तोंड लावत नाहीत, विषारी असतं हे बरोबर कळतं! चार फुटी जाळी सहज ओलांडतात. आठ फुटी कुंपण हवं म्हणतात, पण सगळ्या अंगणाला घालायचं तर खर्च फार. अंड्याच्या वासाचा फवारा बर्फ-पावसात धुऊन जातो. मे अखेरीस त्या वितात, तेव्हा सरळ अंगावर येतात, म्हणून हाकलायला बाहेर पडायची हिंमत नाही. फक्त वाफ्यांपुरती उंच जाळी कुणी लावली आहे का? खांब किती अंतरावर रोवले? आणि मेथी-कोथिंबीर खातात का हो या?