सप्तरंगी मधमाश्या: एकाच पोळ्यात इतके रंग कसे पटवायचे?

प्रश्न (लेखणीबहाद्दर): कादंबरीतल्या जगासाठी मधमाश्यांची एक जात रचतोय. उल्कापातानंतर त्यांच्यात उत्परिवर्तन झालं आणि आता एकाच पोळ्यात निळ्या, हिरव्या, लाल, जांभळ्या माश्या दिसतात. रंगागणिक काम वेगळं, मधाचा रंगही वेगळा. जाणकार वाचकाला यात काय खटकेल?

षट्पद: रंगावरून काम ठरवणं खटकेल. पोळ्यात काम वयावर ठरतं: आधी कोठड्यांची सफाई, मग अळ्यांना भरवणं, मेण, पहारा आणि साधारण तीन आठवड्यांनी मकरंदासाठी बाहेर. कामाला रंग बांधलात, तर एक रंग मेला की अख्खं पोळं अडेल.

अनेक रंगांचं कारण मात्र आयतंच आहे. राणी उडतानाच दहा-वीस नरांशी मीलन करते, त्यामुळे कामकरी माश्या एका आईच्या पण अनेक बापांच्या असतात. राणी साधी ठेवा आणि प्रत्येक रंग प्रभावी जनुकाचा, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा. मग जितक्या रंगांचे बाप, तितक्या रंगांच्या लेकी. नर अफलित अंड्यातून होतो, त्याला बाप नसतो. म्हणून साध्या राणीचे सगळे नर साधेच निघतील. रंगीत नर हवे असतील तर रंगीत राणी हवी. राणी बदलली की पोळ्याचा रंगही बदलेल, पण सावकाश: अंड्यापासून कामकरी व्हायला 21 दिवस आणि हंगामात तिचं आयुष्य जेमतेम सहा आठवडे. म्हणजे दोनेक महिन्यांत जुने रंग संपतील. कथानकासाठी हे फार कामाचं आहे, सोडू नका.

मेणकापड: निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा दाखवू नका. दक्षिण अमेरिकेतल्या ऑर्किड-माश्यांची हिरवी झळाळी कवचाच्या अतिसूक्ष्म थरांतून येते. कोन बदलला की छटा बदलते आणि माशी मेल्यावरही चमक राहते. कोवळ्या माशीच्या अंगावर दाट लव असते, ती वयाबरोबर झडते. तेव्हा कोवळी माशी धुरकट आणि म्हातारी लखलखीत दाखवा. वय रंगावरून ओळखता येईल आणि तुमची कामाची कल्पनाही थोडी वाचेल.

लाल माशी तिच्या बहिणींना काळपटच दिसेल. मधमाशीला अतिनील, निळा आणि हिरवा दिसतो, लाल नाही. पहारेकरी माश्या वासावरून ओळखतात, त्यामुळे रंगावरून भांडणं नकोत. काळे पट्टे सगळ्यांना ठेवा; पक्षी ‘ही डसते’ हे अशाच ठळक खुणेवरून शिकतात.

षट्पद: मधाचा रंग माशीचा नसतो, मकरंदाचा असतो. 2012 मध्ये फ्रान्समध्ये माश्यांनी रंगीत गोळ्यांच्या कारखान्यातला कचरा चाखला आणि मध निळा-हिरवा झाला. शिवाय मकरंद तोंडातून तोंडात जात कोठडीत पोचतो, म्हणजे सगळ्यांचा एकत्रच होणार. फुलं रंगीत करा, मध आपोआप होईल.

लेखणीबहाद्दर: सगळी जात एका खोऱ्यात, एकाच मूळ पोळ्यापासून वाढली असेल तर?

मेणकापड: मग मोठी अडचण. लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या आल्या, तर फलित अंड्यातूनही नरच होतो आणि कामकरी माश्या ती अळी कोवळी असतानाच खाऊन टाकतात. नात्यातल्या एकाच नराशी मीलन झालं, तर निम्मी फलित अंडी अशी वाया जाऊ शकतात. पोळ्यात भरलेल्या कोठड्यांमध्ये मोकळ्या कोठड्यांची चाळण दिसते आणि माश्यांची संख्या घटत जाते. निदान आठ-दहा असंबंधित पोळ्यांवर एकाच वेळी उल्का पाडा.