फौजेच्या मेडिकल बोर्डानं २० टक्के अपंगत्व लिहिलं, पण ‘नोकरीमुळं नाही’ असंही लिहिलं. सात वर्षांनी आता काही करता येईल का?

प्रश्न: निवृत्त नाईक, जांबोटी भाग, ता. खानापूर

सगळ्यांना रामराम.

मी १९९६ ला बेळगावच्या मराठा सेंटरला फौजेत भरती झालो आणि २०१८ ला २२ वर्षं पुरी करून घरी आलो. सर्व्हिस पेन्शन चालू आहे, वेळेवर जमा होते. विचारायचंय ते कंबरेबद्दल.

२००३ च्या थंडीत आम्ही कुपवाड्याला होतो. रात्री पेट्रोलिंगवरून उतरताना बर्फावर पाय सटकला. पाठीवर रेडिओ सेट आणि बॅटऱ्या. तसाच दगडावर बसका आपटलो. उठलो, चालत पोस्टवर पोचलो. सकाळी साहेबांनी विचारलं, “ठीक है?” मी म्हटलं, “ठीक है, साहब.” पोस्टवर माणसं मोजकी होती. मी पडलो असतो तर माझी ड्युटी माझ्याच जोडीदाराच्या डोक्यावर आली असती. नर्सिंग असिस्टंटनं गोळ्या दिल्या, मलम दिलं. इंज्युरी रिपोर्ट वगैरे काही झालं नाही, मीच नको म्हटलं होतं.

पुढं आठ वर्षं असंच ओढलं. त्यातली जवळजवळ पाच फील्डमध्ये गेली. २०११ ला पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, असताना एका सकाळी पीटीला वाकलो आणि सरळच होता येईना. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यांमधली, एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकलेली निघाली. लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण ड्युटीला फिट नाही, आधी टेम्पररी, मग पर्मनंट. त्यापायी शेवटी दोन वर्षांचं एक्स्टेंशनही गेलं. घरी सोडतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डानं २० टक्के अपंगत्व, तेही आयुष्यभरासाठी लिहिलं. पुढच्या रकान्यात मात्र लिहिलं की हा त्रास नोकरीमुळं झालेला नाही आणि नोकरीमुळं वाढलेलाही नाही. कारण काय, तर पीस स्टेशनला सुरू झाला. सही कर म्हणाले, केली.

घरी आल्यावर डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. सहा महिन्यांत अपील करा असं त्यात इंग्रजीत होतं. तेव्हा वडील अंथरुणाला होते. पत्र ट्रंकेत गेलं ते गेलंच.

आज माझी स्थिती अशी आहे. उजव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत आग होते. रात्री दोनदा तरी उठून ओसरीवर फेऱ्या मारतो. अर्धा तास एका जागी बसलो की पाय बधिर. चोर्ला रस्त्यानं बसमधून बेळगावला गेलो की दुसरा दिवस पडूनच जातो, म्हणून कागदाचं प्रत्येक काम मी टाळत आलोय. यंदा भाताच्या नट्टीच्या, म्हणजे लावणीच्या वेळी बायको आणि भावजय गुडघाभर चिखलात वाकून होत्या आणि मी बांधावर छत्री धरून उभा. गडी दिसायला धडधाकट आहे ना. बघणाऱ्याला काय दिसतं? एक चुलता जाता जाता म्हणाला, “मिल्ट्रीतनं आल्यापास्नं आळशी झालास बघ.” मी काही बोललो नाही. ते अजून आत खुपतंय.

तर दोन गोष्टी विचारतो. इतक्या उशिरानं क्लेम उघडता येतो का? आणि हे दुखणं घेऊन ही धावपळ तुम्ही कशी केलीत?

उत्तर १: निवृत्त सुभेदार, निपाणी

तुझ्याहून वयानं मोठा आहे, म्हणून तू म्हणतो. तुझी हकीकत वाचून झोप लागली नाही, कारण ‘ठीक है, साहब’ मीही म्हटलंय. माझा गुडघा होता.

आधी उशिराचं. सहा महिने गेले म्हणून दार कायमचं बंद झालं असं समजू नकोस. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून तिचा हक्क दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, असं कोर्टांनी धरलंय. तर्सेम सिंग यांची केस वाच. ते १९८३ ला मेडिकलवर घरी आले आणि १९९९ ला हायकोर्टात गेले. २००८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, तेव्हा थकबाकी मात्र अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची धरली. म्हणजे उशिराची किंमत मोजावी लागते, आणि ती दर महिन्याला वाढते. म्हणून आता आणखी थांबू नकोस.

दुसरं, ‘पीस स्टेशनला सुरू झालं’ हे कारण. २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग यांचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कुणाकडून तरी छापून घे. त्याचा गाभा असा: भरतीच्या वेळी तू तंदुरुस्त होतास आणि कागदावर कुठल्या आजाराची नोंद नव्हती, तर नंतर आलेला आजार नोकरीतलाच मानायचा. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायची. सिद्ध करायचा भार जवानावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. तुझ्या बोर्डानं त्या रकान्यात किती ओळी लिहिल्यात ते बघ. एकच ओळ असेल तर तोच तुझा मुद्दा. हमखास जिंकशील असं मी सांगणार नाही. प्रत्येक केस तिच्या कागदांवर चालते, आणि अलीकडं बोर्डाच्या मताला वजन देणारे निकालही आलेत.

कागद कसे मिळवायचे ते सांगतो. रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत माग, म्हणजे एएफएमएसएफ-१६, सगळी पानं. कॅटेगरीचे सगळे बोर्ड, भरतीच्या वेळचा मेडिकल आणि शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, माग. आणि पोस्टिंगची यादी सोडू नकोस. २००३ चा इंज्युरी रिपोर्ट नाही ना? पण त्यानंतर पाच वर्षं फील्डमध्ये ओझं वाहिलंस हे त्या यादीत तारखांसकट आहे. नोकरीमुळं झालं हे दाखवता आलं नाही, तरी नोकरीमुळं वाढलं एवढंही पुरतं. नियमात दोन्हीला सारखीच पेन्शन आहे.

पैशाचं गणित पण समजून घे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, असतं. २० टक्क्यांना त्याच्या प्रमाणात, म्हणजे ६ टक्के. पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ते आधी मेडिकलवर बाहेर काढलेल्यांनाच द्यायचे. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं मुदत पुरी करून आलेल्यांनाही ते लागू केलं. मग तुझे ६ चे १५ टक्के होतात. समज, पगार आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून ४०,००० धरले, तर २,४०० च्या जागी ६,०००, वर महागाई भत्ता. तुझा आकडा तुझ्या पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदावरून काढ. डिसॅबिलिटी एलिमेंटचा रकाना रिकामा आहे ना, तेही ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून बघ.

आधी अपील, उशिराचं कारण खरं खरं लिहून. वडिलांचं आजारपण लिही, त्यांचे दवाखान्याचे कागद जोड. तिथं नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. कर्नाटकची केस कोची बेंचकडं जाते, दचकू नकोस. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचार, १९८७ च्या कायद्याप्रमाणं अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो.

‘पेन्शन काढून देतो, थकबाकीतले इतके टक्के द्या’ असं म्हणणारे आपल्या भागात फिरतात. त्यांना मूळ कागद देऊ नकोस. माझ्या ओळखीच्या एकाचं मूळ डिस्चार्ज बुक असंच गेलं.

उत्तर २: माजी सैनिक, हुक्केरी

मी सोडून दिलं हो. पाठ माझीही गेलीय. दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं ते कळलं नाही, वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. सर्व्हिस पेन्शन आहे, दोन म्हशी आहेत. पण सुभेदार साहेबांचं वाचून पत्र परत काढलं. मुलगी बारावीला आहे, तिला वाचायला देतो आज.

उत्तर ३: शिनोळीजवळच्या एका हवालदारांची मुलगी, ता. चंदगड

दादा, कायद्याचं साहेबांनी सांगितलंच आहे. मी घरातलं सांगते.

बाबांना मानेचा आणि खांद्याचा त्रास. आमची केस मुंबई बेंचला गेली, कारण आम्ही महाराष्ट्रात राहतो. बेळगाव आमच्या घरून दिसेल इतकं जवळ, बाजार तिथला, दवाखाना तिथला, पण कोर्ट मुंबईचं. निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या बेंचकडं अर्ज करता येतो. म्हणून आधार, बँक आणि पीपीओवरचा पत्ता एकच आहे का ते आधी बघा. बाबांच्या पीपीओवर बेळगावच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता, तो बदलून घेण्यात आमचे कितीतरी महिने गेले.

खरं सांगायचंय ते वहीबद्दल. डॉक्टरांनी “कसं आहे?” विचारलं की बाबा ताठ बसून “बरं आहे” म्हणायचे. मग कागदावरही तेच उतरायचं. आई बाहेर आल्यावर रडायची. रात्रभर हा माणूस भिंतीला टेकून बसलेला तिनं बघितलेला असायचा. शेवटी मी शाळेची एक कोरी वही घेतली. रोज तीनच ओळी: रात्री किती वेळा उठले, कुठलं काम अर्धवट सोडलं, कुठली गोळी घेतली. बाबा चिडले. म्हणाले, “माझी हजेरी घेतीस काय?” आई म्हणाली, “तुम्ही बोलत न्हाईसा, म्हणून लिहूलालोय.” पुढच्या वेळी डॉक्टरांपुढं वहीच ठेवली. त्यांनी दहा मिनिटं ती वाचली आणि केस पेपरवर पहिल्यांदा लिहिलं की शर्ट घालायलाही मदत लागते.

तुमच्या बायकोला लिहू द्या. तुम्ही लिहिलंत तर परत ‘ठीक है’च लिहाल.

आणि चुलत्यांचं बोलणं मनात ठेवू नका. बाबांनी असंच आत ठेवलं, मग जेवण तोडलं, मग माणसांत येणं तोडलं. आम्हाला वाटलं वय झालं. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की मनाचा डॉक्टरही लागणार आहे. आता ते औषध चालू आहे, आणि मान तेवढीच दुखत असूनही बाबा परत अंगणात बसतात.

उत्तर ४: फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी, बेळगाव

प्रवासानंतर पूर्ण दिवस पडून राहता असं लिहिलंय, ते बदला. जास्त झोपून राहिल्यानं पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. तास-दोन तास आडवे व्हा, मग सपाट जागी दहा मिनिटं चाला, परत थोडा आराम. ओसरीवरच्या फेऱ्या चांगल्याच आहेत. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातावर जोर देऊन उठा. बसमध्ये मागच्या चाकावरची सीट टाळा, कंबरेमागं टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि शक्य असेल तर मध्ये उतरून पाय मोकळे करा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या रोज घेत असाल तर थांबा. पोट आणि किडनी दोन्हीला धोका आहे. पाय जळतो त्याला नसेची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांनीच सुरू करायची आणि त्यांना न विचारता एकदम बंद करायची नाहीत.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच तासाला दवाखाना. सकाळची बस बघत बसायचं नाही.

तपासणीला जाल तेव्हा पाय सरळ उचलताना किती अंशावर कळ येते, किती वेळ बसता येतं, किती अंतर चालता येतं, हे आकड्यांत लिहून मागा. ‘पाठदुखी’ एवढ्या एका शब्दावरून पुढच्या कुणालाच काही कळत नाही.

प्रश्नकर्ता

साहेब, ताई, डॉक्टर मॅडम, सगळ्यांना नमस्कार. हुक्केरीचे भाऊ, मुलीनं पत्र वाचलं की काय निघालं ते इथं नक्की लिहा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुतण्यानं लिहून दिला, काल पोस्टात टाकला. पोस्टिंगची यादी मागितलीय.

पत्र शोधायला ट्रंक उघडली, तर बायकोनं जपून ठेवलेला इनलँडचा गठ्ठा हाती लागला. मी फील्डवरून लिहिलेली सगळी पत्रं. आम्ही दोघं रात्री बसून वाचत होतो. प्रत्येक पत्रात ‘इकडे सर्व खुशाल’. २००३ मधल्या एका पत्राच्या शेवटी मात्र लिहिलंय, ‘अक्षर वाईट आलंय, पालथं पडून लिहितोय, कंबर धरलीय, काळजी करू नको.’ वर पोस्टाचा शिक्का आहे, तारीख नीट वाचता येते.

बायकोनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, तेव्हा कळायला पाहिजे होतं मला. मी म्हटलं, मीच कळू दिलं नव्हतं.

साहेब, असलं घरचं पत्र अपिलाला जोडलं तर चालतं का? मूळ देऊ की झेरॉक्स? वही तिनं आजपासून सुरू केलीय.

निवृत्त सुभेदार, निपाणी

झेरॉक्स जोड, दोन्ही बाजूंची, शिक्का दिसेल अशी. मूळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घरातच ठेव, सुनावणीला मागितलं तरच न्यायचं. किती वजन देतील ते त्यांच्या हातात, पण २००३ ची तारीख असलेला तो तुझा एकमेव कागद आहे. आणि त्याच गठ्ठ्यातली २०११ पर्यंतची बाकीची पत्रंही परत एकदा नीट वाचा, दोघांनी मिळून.