जे-पाउच की कायमची इलिऑस्टॉमी
आपल्या बहिणीचा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व व्रण येण्याचा आजार) बायोलॉजिक इंजेक्शनांनाही दाद देत नसल्याने मोठे आतडे काढणे भाग आहे, आणि त्यानंतर जे-पाउच (आतल्या आत केलेली आतड्याची पिशवी) करावा की कायमची इलिऑस्टॉमी (लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून मल बाहेरच्या पिशवीत घेणे), असे आपण विचारले आहे. हा निर्णय आजच घ्यावा लागेल असे नाही. रुग्ण अशक्त असेल किंवा स्टिरॉइडचा डोस मोठा असेल, तर सर्जन बहुधा आधी फक्त मोठे आतडे काढतात, गुदाशय तसाच ठेवून पोटावर स्टोमा (आतड्याचे बाहेर उघडणारे तोंड) करतात. पुढच्या काही महिन्यांत तब्येत सुधारते आणि पोटावरच्या पिशवीसह जगणे कसे असते, हे तिला स्वतःलाच कळते.

पाउच म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून केलेली, गुदद्वाराला जोडलेली पिशवी. पोटावर काही राहत नाही हे खरे, परंतु दिवसाला साधारण ४ ते ८ वेळा शौचास जावे लागते आणि पाउचला सूज आल्यास अँटिबायोटिक घ्यावे लागते. या शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा कठीण होऊ शकते. तिला मूल हवे असेल, तर हे आधीच स्पष्टपणे विचारावे. क्रोन्सची (आतड्याला सूज आणणाऱ्या दुसऱ्या आजाराची) शंका असल्यास पाउच सहसा टाळतात.

इलिऑस्टॉमीत शरीरातील पाणी व मीठ लवकर कमी होते, स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. मात्र शौचाची घाई संपते, आणि ती सुटका मला फार मोलाची वाटते. मार्ग कोणताही निवडला, तरी शस्त्रक्रियेपूर्वी तिला बसवून, उभे करून, वाकायला सांगून स्टोमाची जागा पेनने आखून घ्यावी: पोटाच्या वळीत स्टोमा आला, तर पिशवी नीट चिकटत नाही आणि कातडी सोलवटते.