‘डोप्ड’ फायबरला मराठीत काय म्हणायचं? (भेसळ सोडून सांगा)

उद्यमबागी
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या एका शॉपमध्ये फायबर लेसर कटिंग मशीन आलंय. मशीनजवळ चिकटवायचं सुरक्षेचं कार्ड मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलीच ओळ ‘यटर्बियम डोप्ड फायबर’, म्हणजे गुण बदलावा म्हणून यटर्बियम नावाचा धातू किंचित घातलेला काचेचा तंतू. मी लिहिलं, ‘यटर्बियमची भेसळ केलेला तंतू’. रात्री साडेनऊला मालकांचा फोन. “भेसळ? एवढे पैसे मोजून मी भेसळीचं मशीन घेतलंय होय?” कन्नड कार्ड ज्यानं केलं त्यानं ‘डोप माडिद’ लिहिलं आणि चहा पिऊन गेला. मी इथं तीन दिवस बसलोय.
दुसरी अडचण पुढच्या ओळीत. ‘उत्सर्जन तरंगलांबी १०७० नॅनोमीटर’ (म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ) असं लिहिलं, तर ऑपरेटर पोरगा फिदीफिदी हसतोय. त्याच्या डोक्यात उत्सर्जन म्हणजे दहावीच्या पुस्तकातलं मूत्रपिंड.

शहापूरची सून
भेसळ म्हटलं की दुधात पाणी नाहीतर तिखटात विटेची पूड. मालकांचं काही चुकलं नाही. चमचाभर घातलं की सगळ्या भांड्याचा गुण बदलतो, त्याला आमच्यात विरजण म्हणतात. ‘यटर्बियमचं विरजण लावलेला तंतू’. झालं की काम!

निवृत्त मास्तर
ताई, विरजण वाढतं. रात्रीत सगळं दूध दही होतं. यटर्बियम घातलं तेवढंच राहतं, त्याला पिल्लं होत नाहीत. हिंदीत ‘अपमिश्रण’ म्हणतात, खरं त्या ‘अप’ला अपमान, अपशब्द, अपघात यांचाच वास. म्हणजे पुन्हा भेसळच, फक्त सोवळं नेसलेली.

पुण्याहून वाचतोय
मास्तर, ‘म्हणतात, खरं त्या’ हे वाक्य कळलं नाही. काय खरं?

निवृत्त मास्तर
आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. “आलो असतो, खरं बस चुकली.” चाळीस वर्षं मुलांच्या वहीत लाल शाईनं खोडत आलो आणि आता स्वतःच लिहिलं. राहू दे.

फौंड्रीवाला
आमच्या भट्टीत रोजचंच आहे हे. साध्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) रसात थोडं मॅग्नेशियम गेलं की आतलं ग्राफाइट पाकळ्यांसारखं न राहता गोळ्या धरतं, आणि ठिसूळ बीड चिवट होतं. ओतलेल्या मालात मॅग्नेशियम उरतं किती? शंभर किलोत तीसचाळीस ग्रॅम. त्याला कुणी भेसळ म्हणत नाही. मराठी शब्द विचारशील तर तोही नाही. ‘मॅग्नेशियम दिलं काय रे?’ एवढंच विचारतात. तसं ‘यटर्बियम दिलेला फायबर’ लिही. ‘दिलेला’ बास.

तरंगिणी
‘दिलेला’ फार मोघम. कुणी दिला, कुणाला दिला? आणि ‘फायबर’ तरी कशाला? तंतू आहे ना! महापौर हा शब्दही कधीकाळी नवाच होता, लोकांना हसू येतच असणार. आज कुणी हसतं का? शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

फौंड्रीवाला
ताई, वडगावच्या मागावर वाढलोय मी. तंतू म्हटलं तर आमच्या आईला खळ दिलेलं सूत आठवणार. आणि ‘फायबर’ म्हटलं तर गच्चीवरची टाकी. दोन्हीकडून मरण.

तरंगिणी
बघा, ‘खळ दिलेलं सूत’! खळ दिली की सुताला ताठपणा येतो, तुटत नाही. मूळ धागा तोच, गुण वेगळा. शब्द घरातच पडलेला असतो.

काचेतला माणूस
टिळकवाडीचा, आता बाहेर असतो. पीएचडीत हीच काच केली म्हणून बोलतो. खळ वरून बसते. डोपंट, म्हणजे घातलेला पदार्थ, आत जातो, तोही फक्त गाभ्यात. करतात कसं ते ऐका. काचेच्या पोकळ नळीत आतून काचेचीच भुसभुशीत काजळी बसवतात. यटर्बियम नाहीतर एर्बियमच्या क्लोराइडच्या पाण्यात ती काजळी तासभर भिजवायची, पाणी काढायचं, सुकवायचं, मग तापवून सगळं एकजीव करायचं आणि नळी आकसवून भरीव कांडी करायची. त्या कांडीतून केसाएवढी तार ओढतात. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टनला ही रीत बसली आणि त्याच सुमारास तिथं एर्बियमचा प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) झाला. आज दूरच्या फोन-इंटरनेटचा प्रकाश मध्ये मध्ये ताजा करतात तो याच एर्बियमवर, १५५० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्याकडे कोलकात्याच्या काच संशोधन संस्थेत असे फायबर ओढतात.

खानापूरचा काढा
भिजवायचं, सुकवायचं, पुन्हा तापवायचं? अहो, हे तर ‘भावना देणं’! आमचे आजोबा वैद्य होते. चूर्णाला आवळ्याच्या रसाच्या सात भावना द्यायचे: रसात भिजव, खल कर, वाळव, पुन्हा रस. चूर्ण तेच, गुण चढता. ‘यटर्बियम-भावित तंतू’. टाळ्या नकोत.

निवृत्त मास्तर
टाळी देतोच. इतका चपखल शब्द चाळीस वर्षांत ऐकला नाही.

फौंड्रीवाला
ऑपरेटर वाचून विचारणार, मशीनच्या भावना दुखावल्या काय म्हणून.

निपाणीकर
थांबा, मुळाशी जाऊ. इंग्रजी ‘डोप’ डच ‘डोप’वरून (doop) आला. हा डच डोप म्हणजे बुडवून खायचा रस्सा, आणि तो आला बुडवणे या क्रियापदावरून. म्हणजे मूळ अर्थच बुचकळणं! नशा आणि शर्यतीचे घोडे नंतरचे. काढासाहेबांची भावना डचांनाही पटली असती. आता माझी एक शंका. कन्नडमध्ये भेसळीला ‘कलबेरके’. ‘बेरके’ म्हणजे मिसळ. आपला ‘बेरकी’ माणूस त्यातूनच आला असणार, चार पाण्यांचं मिश्रण!

तरंगिणी
नुसत्या आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती लावायची नसते हो.

निपाणीकर
तुम्ही निपाणीच्या बाजारात एकदा या. साम्य आवाजाचंच नाही हे कळेल.

पुण्याहून वाचतोय
बेळगावची मराठीच डोप्ड आहे की!

शहापूरची सून
हे कुणीतरी म्हणणारच होतं. म्हणून झालं ना? आता पुढं.

उद्यमबागी
लोकहो, दुसऱ्या ओळीचं काय? मालक म्हणतात, ‘तरंगलांबी कशी लावायची तेही कार्डावर घाल.’ ट्यूनिंगला ‘लावणे’ बरोबर ना? तंबोरा लावतात तसं.

काचेतला माणूस
कटिंग मशीनवर तरंगलांबी लावायचीच नसते. ऑपरेटर पॉवर बदलतो, गॅस बदलतो, फोकस बदलतो. १०७० तसाच राहतो. यटर्बियम साधारण १०३० ते ११०० च्या पट्ट्यात कुठंही प्रकाश देऊ शकतं. तो पट्टा पदार्थ ठरवतो. थुलियम घातलं तर पट्टा सरकून दोन हजारांच्या आसपास जातो. पट्ट्यातला नेमका आकडा मात्र ब्रॅग जाळी ठरवते. गाभ्यात ठरावीक अंतरावर काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) किंचित कमीजास्त केलेला असतो. १०७० साठी ते अंतर सुमारे ३७० नॅनोमीटर. १०७० तरंगलांबीचाच प्रकाश मागं फिरतो, बाकीचा निघून जातो. कॅनडात १९७८ मध्ये केन हिल आणि सोबत्यांनी फायबरमध्ये निळा-हिरवा लेसर सोडला आणि फायबरनं आपल्या पोटात आपणच अशी जाळी कोरून घेतली. नंतर बाजूनं अतिनील किरण टाकून हवी तशी कोरायला लागले. जाळी ताणली किंवा तापवली की आकडा थोडा सरकतो. प्रयोगशाळेत ट्यूनिंग करायची एक वाट ही. १५५० ला एका अंशामागं नॅनोमीटरचा शंभरावा हिस्सा, बस.

निवृत्त मास्तर
म्हणजे पदार्थ सप्तक देतो आणि जाळी स्वर. ‘स्वर लावणे’ तर आहेच आपल्यात. पण ‘लेसर लावला’ म्हटलं की लोक बटण दाबतील. ‘मिळवणे’ बघा, तंबोरा मिळवतात.

तरंगिणी
‘मिळवणे’ म्हणजे कमावणे असं वाचतील. ‘जुळवणे’ घ्या.

काचेतला माणूस
शब्द नंतर घ्या, आधी चष्मा. १०७० डोळ्याला दिसत नाही. पत्र्यावर दिसतो तो लाल ठिपका निशाणीचा, वेगळा लेसर. तो बंद म्हणजे मशीन बंद, असं समजणारे मी पाहिलेत. जुन्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड लेसर) मशीनचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, तो साध्या पारदर्शक ॲक्रिलिकला अडतो. फायबरचा त्यातून आरपार जातो आणि थेट डोळ्यातल्या पडद्यापर्यंत पोचतो. चष्म्यावर कोणत्या तरंगलांबीसाठी ते छापलेलं असतं. कार्डावर तो आकडा मोठा लिहा, तंतू-बिंतू राहू दे.

उद्यमबागी
हे बरं सांगितलंत सर. शॉपमध्ये जुन्या मशीनचेच चष्मे आहेत. उद्याच बोलतो मालकांशी.

खानापूरचा काढा
एर्बियम, यटर्बियम, टर्बियम... ही नावं इतकी सारखी का?

काचेतला माणूस
स्टॉकहोमजवळच्या यटरबी गावाची खाण. एका गावावरून चार मूलद्रव्यं, चौथं यट्रियम.

निपाणीकर
आणि आम्हाला एका गावाचं एक नाव धड ठरवता येईना.

शहापूरची सून
तो विषय काढू नका, परत तीनशे उत्तरं पडतील.

फौंड्रीवाला
मास्तर, एक राहिलंच. विळ्याला पाणी ‘देतात’ की ‘पाजतात’? आमच्या गल्लीतला लोहार ‘पाजलं’ म्हणायचा. मग यटर्बियम पाजलेला फायबर का नको?

निवृत्त मास्तर
पाजतातच! आमच्या अनगोळात तर...

उद्यमबागी
कार्ड उद्या सकाळी छापायला जातंय. चष्म्याच्या ओळीत ‘तरंगलांबी’ लिहू की ‘वेव्हलेंग्थ’? चष्म्यावर इंग्रजीत आहे.

निपाणीकर
अनगोळात पाजतात, निपाणीत देतात. लिहून ठेवा.