मदत हवी आहे: अंडी घालणारी कामकरी मुंगी ओळखायची कशी?

यावलजवळ केळीच्या बांधावर मोठ्या काळ्या मुंग्यांची बिळं आहेत. डायाकामा या प्रकारच्या असाव्यात. या मुंग्यांत वेगळी राणीच नसते. नव्याने बाहेर आलेल्या कामकरीच्या छातीवर गदेसारखे दोन बारीक अवयव असतात. ते शाबूत राहिले तर ती मीलन करून अंडी घालते, कुरतडले गेले तर जन्मभर कामकरीच. एवढ्याशा फरकावर प्रजननाचा हक्क ठरतो, हे नववीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायची फार इच्छा आहे.

मोबाइलला भिंग लावून फोटो काढले, पण मुंगी थांबत नाही, सगळे पुसट येतात. शेत दुसऱ्याचं, त्यामुळे बीळ खणायचं नाही. मुंगी मारायचीही नाही. फ्रीजमध्ये थोडा वेळ गार केली तर दहापट भिंगाखाली हे अवयव दिसतील, की सूक्ष्मदर्शक लागेल? आणि बाहेर हिंडणाऱ्या मुंग्यांत अवयव शाबूत असलेली सापडते का?