सोपोची पावती असताना टोपली उचलता येते का?

प्रश्न (डिचोली तालुका)
आमच्या शेजारच्या मावशी कित्येक वर्षे कुळागरातली केळी, अळसांदे आणि भाजी घेऊन शहरातल्या बाजाराबाहेर बसतात. दोन्ही मुलींची शिक्षणे त्यांनी याच विक्रीवर केली. सोपो (गोव्यात बाजारात बसण्यासाठी पालिका घेते ते शुल्क) त्या न चुकता भरतात. तरीही गेल्या आठवड्यात रस्ता मोकळा करताना पालिकेच्या माणसांनी त्यांची टोपली गाडीत टाकली. सोपोच्या पावतीने जागेवर हक्क येत नाही का?

उत्तर (म्हापसा)
येत नाही. सोपो हे त्या दिवशी बसल्याचे शुल्क आहे. हक्क २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली मिळणाऱ्या विक्री प्रमाणपत्राने येतो. मात्र सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही, असे त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. जप्त मालाची यादी द्यावी लागते आणि नाशवंत माल मागणी केल्या दिवशीच परत करावा लागतो. पावत्या जपून ठेवाव्यात, कारण जुन्या वहिवाटीचा तेवढाच कागद बहुतेकींकडे असतो.

उत्तर (फोंडा)
वरील माहिती बरोबर असली तरी हा कायदा शहरी हद्दीपुरता आहे. पंचायत क्षेत्रात हमरस्त्याकडेला बसणारीला त्याचा आधार नाही. शहरातही या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत (विक्रेत्यांचे प्रश्न पाहणाऱ्या समितीत) किमान ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. पण बैठक ऐन बाजाराच्या वेळी ठेवली, तर टोपली कोणाच्या भरवशावर सोडून महिला सदस्य जाणार? स्वच्छतागृह जवळ नसल्याने दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहते, आणि अशा तक्रारी समितीत बाईच मांडू शकते. (पुरुष सदस्यांना ही अडचण सुचतच नाही.)

उत्तर (मडगाव)
२०२० पासूनच्या पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या कर्ज योजनेत आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळते, आणि गावातून येऊन शहरात विकणाऱ्यांनाही शिफारसपत्रावर अर्ज करता येतो. तथापि जागा आज आहे, उद्या नाही अशी स्थिती असताना आधी कर्ज घ्यावे, असे मी सुचवणार नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मावशींचे यजमान म्हणतात की विक्री प्रमाणपत्राचा अर्ज मावशींऐवजी यजमानांच्या नावे करावा.

उत्तर (म्हापसा)
तसे करू नये. कायद्यानुसार घरच्या माणसाला विक्रेतीच्या प्रमाणपत्रावर बसता येते आणि तिच्या पश्चात ते पतीला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला मिळू शकते. प्रत्यक्ष विक्री मावशी करतात, तेव्हा सर्वेक्षणात नाव त्यांचेच लागावे.