घरी बांधायच्या जीपचा इन्शुरन्स, बदल कुठं आणि कसे दाखवायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. जरा लांबलंय, पण ज्याला अनुभव आहे त्यानं नीट वाचून सांगा.

वडिलांची महिंद्रा एमएम ५४० आहे, १९९४ ची, एमएच-०९ पासिंग. आरसी माझ्या नावावर झालीय आणि २०२९ पर्यंत मुदत आहे, इन्शुरन्स मात्र कधीचा संपलाय कारण गाडी शेडमध्येच उभी आहे. बॉडी पार सडलीय, फ्लोअरच्या पत्र्यावर पाय दाबला की गंजाचा भुगा पडतो. पण चासी खणखणीत. परवा वायर ब्रश मारला, डिझेलच्या फडक्यानं पुसली तर नंबरचा एकेक आकडा स्वच्छ वर आला, कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढली, आरसीशी तंतोतंत जुळतोय. एवढं बघून गाडी भंगारात घालायचा विषयच संपला.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याचं म्हणणं जीप सोडा, केटरहॅमसारखी किट कार (सुटे भाग आणून घरीच जोडायची गाडी) करू, पाइपची फ्रेम उद्यमनगरात वेल्ड करून घेऊ. उद्यमनगरात काय बनत नाही सांगा, ओतकामापासून मशिनिंगपर्यंत सगळं एका गल्लीत होतंय. पण बनवणं वेगळं आणि नंबर मिळणं वेगळं. तिकडं इंग्लंडात घरी बांधलेल्या एकेका गाडीची आयव्हीए टेस्ट घेऊन तिला रस्त्यावर सोडतात, आपल्याकडं एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची गाडी, पास झाल्याशिवाय काही नाही आणि एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कारागिरानं २०२१ साली किक मारून चालू होणारी जीप बनवली, सगळ्या देशानं बघितली, तरी आनंद महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या अडवणार, आणि बदल्यात बोलेरो दिली. एवढं कसब असून गाडी रस्त्याला लागत नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तर ते भाच्याला समजावलं आणि जीपवरच ठरलं.

चासी तीच ठेवायची, नवा टब, म्हणजे वरची पत्र्याची बॉडी, बसवायचा (हरियाणातल्या डबवालीहून तयार मागवायचा का इथंच ठोकून घ्यायचा ते ठरायचंय), पुढं डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, रोल बार, सगळ्या सीटना बेल्ट. मूळचं प्युजो इंजिन जाम झालंय, मिस्त्री म्हणतोय बोलेरोचं डीआय इंजिन टाका, पार्ट कुठंही मिळतात. अजून एक रुपयाचं सामान घेतलेलं नाही, आधी कागदाचं कळू दे मग पैसे घालू.

एजंटला विचारलं तर तो म्हणतो, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) टाकू, ऑनलाइन लगेच निघतंय, बदलाबिदलाचं सांगत बसू नका, बघायला कोण येतंय. हे मला अजिबात पटलेलं नाही. ही गाडी घेऊन आम्ही राधानगरी, गगनबावडा करणार, मागं पोरं बसणार, त्यात गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या, रात्री मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. उद्या माझ्या गाडीनं कुणाला लागलं तर त्याच्या घरच्यांना पैसे मिळालेच पाहिजेत, तिथं कंपनीनं हात वर करायला नकोत. तर आधी आरटीओ का आधी कंपनी? आणि यातलं काय काय लिहून द्यायचं?

उसाचा_फड : दादा, मी मोटर सर्व्हेअरचं काम करतो, सांगलीत. आधी आरटीओ, मगच कंपनी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असं काही करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. आणि १८२ए खाली दर बदलामागं ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टब मूळ मापाचा, तेवढ्याच सीटचा, सॉफ्ट टॉपच ठेवा. इंजिन त्याच मेकचं, त्याच टाइपचं आणि आधी परवानगी काढून, तर नवा नंबर आरसीवर चढतो. डीआयच्या नादाला लागू नका. प्रीमियमला तर त्यानं काहीच फरक पडत नाही, १५०० सीसीच्या वर सगळ्यांना थर्ड पार्टी ७८९७ च आहे (२०२२ चा दर, वर जीएसटी). म्हणजे लपवून वाचत काहीच नाही, उलट महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून पॉलिसीच रद्दबातल आहे असं कंपनी कलम १५० खाली म्हणू शकते. अशा केसमध्ये कोर्ट बऱ्याचदा जखमीला कंपनीकडनं द्यायला लावतं आणि कंपनी ते तुमच्याकडनं वसूल करते, त्यात घरदार जातं.

अजून एक, हे एजंट सांगत नाहीत. नुसत्या थर्ड पार्टीत खासगी गाडीतल्या पॅसेंजरला कव्हर नसतं. मागं बसणारी पोरं त्यात येत नाहीत. पॅकेज पॉलिसीच घ्या, त्यात आपली गाडी आणि आत बसणारे पण येतात. खंड पडलाय म्हणून गाडी तपासायला माणूस येईल, येऊ द्या, तेच तुमच्या फायद्याचं. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा टबचं बिल, ब्रेकचं बिल, फोटो सगळं प्रपोजलला जोडा. लाइट, म्युझिक असल्या इलेक्ट्रिकल फिटिंगची किंमत वेगळी लिहायची, तिच्यावर ४ टक्के जादा लागतात.

तांबडा_पांढरा : भावा, डिस्क आणि पॉवर स्टीअरिंग बसवायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घे, तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नको. पुढं बुल गार्ड मात्र लावू नको, त्याला २०१७ पासनं बंदी आहे.

धागाकर्ता : दोघांचे मनापासून आभार. पोरांच्या कव्हरचं तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. डीआय रद्द, प्युजोच बांधून घेतो, म्हणजे इंजिन नंबर बदलायचा प्रश्नच मिटला. सोमवारी अर्ज घेऊन आरटीओत जातो, पोच मिळाली की इथं लिहितो. प्युजोचा ब्लॉक बोअर करून स्लीव्ह बसवणारा जुना, खात्रीचा मिस्त्री कोल्हापूर-इचलकरंजीकडं कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.